विषय : चि. ऋग्वेद याचे दूध बंद करणेबाबत

ऋग्वेद हर्षे, वय महिने आठ, याने सोमवारी सकाळी सहावं दुपटं खराब केलं, तेव्हा घरात चौथ्या प्रकारचं दूध सुरू होतं. पहिलं पिशवीचं झालं. ते सोसेना म्हणून म्हशीचं आणलं, गाझियाबादच्या त्या नव्या सोसायटीच्या फाटकापाशी डोळ्यांदेखत काढलेलं. म्हशीचं जड पडलं म्हणून गाईचं. ती गाय उकिरड्यावर चरते हे कळल्यावर शेळीचं. दर दुधागणिक पोराचं पोट जास्त फुगत गेलं, गालांवर आणि कोपरांच्या खळग्यांत लाल चट्टे उठले, आणि दोन महिन्यांत वजन पाचशे ग्रॅमनी उतरलं. दूध बदलायला घरातला प्रत्येक जण एका पायावर तयार होता. बंद करावं असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

येणार कसं? आजोबा विश्वनाथराव हर्षे केंद्र सरकारच्या एका दुग्धविषयक कक्षात चौतीस वर्षं फायली हलवून अवर सचिव म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. देशानं भरपूर दूध प्यावं यासाठी त्यांनी आयुष्यभर टिपणं लिहिली. म्हैस जवळून पाहिली ती मात्र दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून इकडे फ्लॅटमध्ये राहायला आल्यावरच.

"हर्ष्यांचा नातू, आणि त्याला दूध पचत नाही? काय बोलतेस काय तू, प्रणिता!" ते सुनेला म्हणाले. "कुणाला सांगू नकोस बाहेर."

आजी पार्वतीबाईंचं निदान आणखी सोपं होतं. "आईचंच दूध पातळ असलं की पोराचं पोट असंच राहतं. आमचा नरसिंह बघ, कसा पैलवान होता."

हा माजी पैलवान आता एका परदेशी कंपनीचे रंगीत टीव्ही विकत होता. शहाण्णव साल होतं, देश नुकताच खुला झाला होता आणि नरसिंहाला परदेशी तेवढं सगळं पटत होतं. घरात मात्र त्याला एकाच वेळी दोन्ही बाजू पटत. "आईचंही बरोबर आहे यार, आणि तुझंही बिल्कुल बरोबर आहे," असं बायकोला सांगून तो स्कूटरला किक मारून निघून जाई.

त्या सोमवारी दुपट्यावर रक्ताचा धागा दिसला तेव्हा प्रणिता कुणाशी बोललीच नाही. विमा कंपनीतून अर्धा दिवस सुट्टी घेऊन ती पोराला एकटीच डॉक्टरकडे घेऊन गेली. ऑटोत त्याच्या फासळ्या तिच्या बोटांना लागत होत्या आणि ती रडत होती. आपलं पोर हातातून जाईल, आणि जाताना घरातले सगळे मिळून त्याला दूधच पाजत असतील, अशी भीती तिला वाटत होती.

डॉ. कल्पना माथूर यांनी पोराला तपासलं, चट्टे पाहिले, दुपटंही पाहिलं.

"दूध बंद. गाय, भैंस, बकरी, सब बंद. एक का प्रोटीन नहीं चलता तो दूसरी का भी अक्सर नहीं चलता."

"और दही?"

"दही किससे बनता है?"

अंगावरचं पाजणं मात्र सोडायचं नाही, असं त्यांनी बजावलं. फक्त प्रणितानं स्वतः दुधाचं काही खायचं नाही, कारण आईनं खाल्लेलं बाळापर्यंत पोचतं. ती ऑफिसात असेल तेव्हा सोयाच्या पावडरचा डबा. शिवाय खिचडी, वरण, पाण्यात शिजवलेली नाचणी. "पूरे दो हफ़्ते. तभी पता चलेगा. बीच में वज़न और गिरा, तो भर्ती करना पड़ेगा."

संध्याकाळी घरात बैठक बसली. रक्ताचं ऐकून विश्वनाथरावही वरमले. पण नुसतं "बरं" म्हणून गप्प बसणं हा त्यांचा पिंड नव्हता. त्यांनी कपाटातून कोरी फाइल काढली, तिला हिरवी दोरी ओवली आणि वर लिहिलं : चि. ऋग्वेद याचे दूध बंद करणेबाबत. फाइल मराठीत होती. घरात मराठी टिकली पाहिजे हा त्यांचाच आग्रह होता, आणि 'पुट अप', 'अप्रूव्ड' वगैरे शब्दांना ते मराठीच समजत. खाली आदेश निघाला : 'दूध तात्काळ बंद.' पार्वतीबाईंनी सही केली. नरसिंहानं 'पाहिले' असं लिहून सही केली. प्रणिताला इतकं हायसं वाटलं की तिनं सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. ही तिची पहिली चूक.

आठव्या दिवशी ऋग्वेदचं वजन आणखी शंभर ग्रॅमनी उतरलं.

"घर में कोई दे रहा है," डॉक्टर म्हणाल्या.

"नहीं डॉक्टर, हो ही नहीं सकता. घर में बाक़ायदा फ़ाइल है."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ससुर जी सरकारी हैं?"

"रिटायर्ड."

"परसों तक देखती हूँ. फिर भर्ती. और आप एक दिन घर पर बैठिए."

दुसऱ्या दिवशी प्रणिता नेहमीसारखी डबा घेऊन निघाली, बसस्टॉपवर अर्धा तास उभी राहिली आणि परत आली. आपल्या किल्लीनं दार उघडून ती आत शिरली तेव्हा पार्वतीबाई न्हाणीत पाटावर बसल्या होत्या. पायांवर ऋग्वेद उघडा पालथा, आणि त्या त्याच्या पाठीला काहीतरी पांढरं, दाट चोळत होत्या.

"आई, हे काय?"

"साय आणि मसुराचं पीठ. अगं, चट्टे किती कोरडे पडलेत बघ."

"साय? दूध बंद आहे ना!"

"पाजतेय का मी? लावतेय. आणि साय म्हणजे काही दूध नव्हे."

प्रणिता डोक्याला हात लावून पलंगावर बसली. आंघोळ झाली. पार्वतीबाईंनी सहाण मांडली आणि वेखंड, जायफळ, हळकुंड एकेक करून उगाळायला घेतलं. उगाळताना वाटीतलं पांढरं पळी-पळीनं सहाणेवर पडत होतं.

"आणि हे?"

"गुटी. अगं, गुटी दुधातच उगाळतात. पाण्यात उगाळली तर तिचा गुण कसा येणार? हे औषध आहे."

मग विश्वनाथरावांची पूजा आटोपली आणि त्यांनी नातवाच्या ओठांवर पंचामृताचे दोन थेंब सोडले. अकराला त्यांचा चहा झाला. त्यात बुडवलेल्या बिस्किटाचा मऊ झालेला भाग त्यांनी इतक्या प्रेमानं नातवाच्या तोंडात दिला की प्रणिताला क्षणभर ओरडताही आलं नाही. मग मात्र ती ओरडली.

"बाबा! चहात दूध असतं!"

"ओरडू नकोस. लपूनछपून काही चाललेलं नाही इथे," विश्वनाथराव शांतपणे म्हणाले. "सगळं रीतसर आहे. फाइल बघ."

तिनं फाइल उघडली. आठ दिवसांपूर्वी एक पान होतं, आता अकरा झाली होती. पार्वतीबाईंनी तोंडी शंका विचारायची, विश्वनाथरावांनी ती लेखी घ्यायची आणि स्वतःच निकाली काढायची, अशी पद्धत पडली होती. 'साय ही दुधावर येते, दुधात नव्हे. सबब आदेशाच्या कक्षेबाहेर. मंजूर.' 'गुटीसाठी दूध, पळीभर. औषधाचे अनुपान असल्याने विशेष बाब म्हणून मंजूर.' 'पंचामृत. धार्मिक बाबींत हस्तक्षेप नको. मंजूर.' 'चहातील बिस्कीट. मूळ पदार्थ चहा. मंजूर.' शेवटच्या पानावर नरसिंहाचा प्रस्ताव होता : रविवारी चमचाभर आइस्क्रीम. त्याखाली विश्वनाथरावांचं वळणदार अक्षर : 'उत्पादन परदेशी तंत्राचे असल्याने भारतीय दुधाचे निकष लागू नाहीत. मंजूर.' प्रत्येक मंजुरीखाली सही, तारखेसह.

प्रणितानं फाइल मिटली. घरातल्या कुणीही खोटं बोललं नव्हतं, याचाच तिला जास्त संताप आला. कुणी चोरून दूध पाजलं असतं तर चोर तरी पकडता आला असता.

"उद्या हॉस्पिटलात भरती करायचंय त्याला. माहितेय तुम्हाला?"

पार्वतीबाईंचा हात सहाणेवर थांबला. विश्वनाथराव म्हणाले, "हे बघ, नियमात बसत नाही असं यात एकही—"

"त्याच्या पोटाला नियम कळत नाहीत, बाबा! सहा किलोचं पोर आहे ते!"

तिनं पिशवीत दुपटी कोंबली, सोयाचा डबा घेतला, पोराला कडेवर घेतलं आणि फाइल काखेत धरली.

"कुठे चाललीस?"

"आर. के. पुरमला, आपल्या जुन्या शेजारच्या कुसुमावती मावशींकडे. दोन आठवडे तिथे राहते. डॉक्टरांनाही दाखवते ही फाइल, आणि मावशींच्या भिशीतही वाचून दाखवते. तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या बायका येतात तिथे."

विश्वनाथराव जन्मात इतक्या झटकन उठले नव्हते. "फाइल? मूळ फाइल कधी बाहेर जात नसते!"

"मग दूध बाहेर जाऊ दे."

"कुठलं दूध?"

"घरातलं सगळं. साय, दही, लोणी, पंचामृत, तुमच्या चहातलंसुद्धा. या घरात थेंब दिसता कामा नये. नाहीतर ही मी निघाले."

"म्हणजे माझा चहा..."

"कोरा."

विश्वनाथरावांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. पार्वतीबाई सहाण घेऊन मोरीपाशी गेल्या आणि गुटी ओतून आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला कुणी नीट सांगितलंच नाही गं," त्या म्हणाल्या. खरं तर प्रणितानं ते दहा वेळा सांगितलं होतं. पण ही वेळ ते काढायची नव्हती.

दुधाचा रतीब त्याच दिवशी बंद झाला. भरतीचा दिवस प्रणितानं विनवणी करून पुढे ढकलून घेतला. चार दिवसांत पोराचं पोट उतरलं, आठ दिवसांत चट्टे पुसट झाले. सतराव्या दिवशी वजनकाट्याचा काटा तीनशे ग्रॅमनी वर गेला आणि प्रणिता दवाखान्यातच हमसून रडली. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. नरसिंहानं संध्याकाळी सांगितलं की त्याला हे पहिल्यापासून पटलेलंच होतं.

विश्वनाथरावांनी फाइलवर शेवटची नोंद केली : 'अधोस्वाक्षरीकाराच्या पुढाकाराने सर्व दुग्धजन्य पदार्थ बंद करण्यात आले. परिणाम उत्तम.' मग त्यांनी फाइलच्या चार झेरॉक्स प्रती काढल्या. ज्याची आधी वाच्यता नको होती, ते आता सोसायटीभर सांगायला हवं होतं. ते रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या दारावर टकटक करत. "बच्चे को दूध देते हैं? ग़लती कर रहे हैं. बैठिए, समझाता हूँ." आठ-नऊ महिन्यांत त्यांनी दोन्ही इमारती पालथ्या घातल्या. शेवटी डॉ. माथूर यांचाच फोन आला.

"अपने ससुर जी को रोकिए! छह अच्छे-भले बच्चों का दूध बंद करवा दिया है उन्होंने. माँ-बाप उन बच्चों को लेकर मेरे यहाँ बैठे हैं. और हाँ, ऋग्वेद को ले आइए. डेढ़ साल का होने को है. अब देखते हैं, दूध चलता है या नहीं. बहुत बच्चों का ठीक हो जाता है."

पहिला चमचा डॉक्टरांनी स्वतः, आपल्या समोर दिला. दोन तास बसवून ठेवलं. काही झालं नाही. आता घरी रोज थोडं थोडं वाढवायचं होतं.

"अशक्य," विश्वनाथराव म्हणाले. "दूधबंदी हा धोरणात्मक निर्णय आहे. अख्ख्या सोसायटीला सांगून बसलोय मी. हर्ष्यांच्याच घरात दूध आलं तर लोक काय म्हणतील?"

तेव्हा प्रणितानं वाद घालणं सोडलं. ती ऑफिसच्या कॅन्टीनमधून डब्यात दही आणू लागली आणि संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं, पोराला भरवू लागली. पोर मिटक्या मारत खाई. ती कानोसा घेत बसे. चार दिवस हे निभावलं. पाचव्या दिवशी दार उघडलं आणि पार्वतीबाई आत आल्या. दह्याच्या वाटीकडे त्यांनी बघितलं. प्रणितानं चमचा पाठीमागे लपवला.

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई. शप्पथ. आज तीनच चमचे."

"मी काही म्हटलं का?" पार्वतीबाईंनी दार आतून लावलं आणि खाली बैठक मारली.

"बाबा आले म्हणजे?"

"एवढ्यात येत नाहीत. चौथ्या मजल्यावर गुप्तांकडे गेलेत, दुधाचे दुष्परिणाम सांगायला." त्यांनी नातवाचं तोंड पदरानं पुसलं. "तुला काय वाटलं, इतके महिने रोज दारोदार फिरतात ते काय समाजसेवा म्हणून? गुप्ता मलई घालून चहा देतात. दोनदा. सदऱ्यावर डाग असतात, मीच धुते ना."

प्रणितानं शेवटचा चमचा पोराला भरवला.

"त्याचे तीन चमचे झाले असले," पार्वतीबाई म्हणाल्या, "तर राहिलेलं मला दे. थोडी साखर घाल."