उभो रव, खोक!

मधुकरच्या जांघेतला हर्निया डॉक्टरांनी जुलैत बसवला, तो तिथून उठून सरळ त्याच्या डोक्यात गेला.

तालुक्याच्या हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्याने भिंतीवरचा हर्नियाच्या प्रकारांचा तक्ता पाठ केला आणि पेडण्याला गावी परतला तो सर्जन होऊनच. पाणीपुरवठ्यात तीस वर्षं नळ फिरवलेला माणूस. गळती कुठे आहे ते आपल्यालाच कळतं, हा त्याचा जुना गैरसमज. आधी पायपांची कळायची, आता माणसांची.

"उभो रव. खोक." हा त्याचा नमस्कार झाला. सायकलवरून पाव आणणाऱ्या पोदेराला त्याने खोकायला लावलं. बेंबी वर आलेली दिसली की "बेंबीतलो." कुणाला जेवून आडवं झाल्यावर छातीत जळजळलं की "पोटाच्या वयलो, तो भायरसून दिसत नाय." समोरच्याला नीट खोकता आलं नाही, तर स्वतः खोकून दाखवायचा, अगदी बेंबीच्या देठापासून. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने जड उचलू नको, खोकला सांभाळ. पण ते पेशंटांसाठी. सर्जनाने कशाला ऐकावं?

दसऱ्याला तीन आठवडे उरले आणि मधुकरला त्याचा चुलतभाऊ दादू शिंकताना दिसला. शिंकण्याआधी दादूने जांघेवर हात दाबला होता.

इथे मधुकरचे डोळे चमकले. गावच्या देवाचं तरंग, म्हणजे साड्या नेसवलेला तो उंच खांब, कमरपट्ट्यात रोवून नाचवायचा मान त्यांच्या घराण्याचा. वीस वर्षं तो दादूकडे. दादू बाद झाला तर मान मधुकरच्या मुलाकडे, योगेशकडे येणार. योगेश मोरजीच्या हॉटेलात रिसेप्शनवर बसतो. मोबाईलपेक्षा जड काही त्याने आजवर उचललेलं नाही.

"दादू, तुझ्या जांघेत आसा."

"गॅस आसा," दादू म्हणाला.

"गॅस खोकल्यावर भायर येता आणि आडवो पडल्यावर आत जाता? उभो रव बघू!"

"तू आधी घरा जा बघू!"

मधुकर घरी गेला नाही, देवळात गेला. रविवारी सकाळी मानकरी जमले, बायका एका बाजूला बसल्या आणि मधुकरने मागणी केली, दादूने सगळ्यांसमोर पंचा खाली करून खोकावं.

"देवाच्या म्होरें पंचो सोडू?" दादू ओरडला. "तुका लाज आसा काय?"

"आजाराक लाज कसली!"

शेवटी ठरलं, देवालाच विचारायचं. विठू गुरवाने मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावल्या. हो असेल तर उजवी पडणार. त्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "बा म्हाराजा! तुझ्या ह्या लेकराच्या पोटात कायेक इडा-पिडा आसात..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

पाकळी हलेना. दहा मिनिटं झाली. मधुकरच्याने राहवेना.

"विठू, असो मोघम प्रश्न घातलो तर देव तरी काय सांगतलो? प्रकार सांगूक व्हये!"

"म्हणजे देवाक म्हायत नाय आणि तुका म्हायत?"

"देव हॉस्पिटलात रवलेलो काय?"

विठूने सुस्कारा सोडला. "बरा. बा म्हाराजा! बेंबीतलो आसात..."

"व्हय म्हाराजा!" पाकळी जागची हलली नाही.

"जांघेतलो आसात..."

"व्हय म्हाराजा!" काही नाही. मधुकरचा चेहरा उतरला. दादू देवाकडे असा बघत होता, जणू दोघांनी मिळून काहीतरी लपवलंय.

"आनी खंयचो?" विठूने मधुकरला विचारलं.

"जुन्या टाक्यांतलो. खंय ऑपरेशन झाल्यार थंयसूनच परत फुगता तो."

"बा म्हाराजा! जुन्या टाक्यांतलो आसात..."

उजवी पाकळी टपकन पडली.

"सापडलो!" मधुकरने टाळी वाजवली.

"सापडलो खरो," दादू शांतपणे म्हणाला, "पण माका जन्मात टाको पडूक नाय."

मग एकेक मान वळली. अख्ख्या गावात जांघेवर टाके पडलेला माणूस एकच होता, आणि तो टाळीसाठी उचललेले हात खाली घेत होता.

"मधू," विठू गोड आवाजात म्हणाला, "उभो रव. खोक."

"देवाच्या म्होरें? काय तरीच!"

तेवढ्यात मधुकरची बायको पार्वती बायकांतून बोलली, "त्येंका कित्याक त्रास देतास? मी बघलेला आसा. उभे रवले की येता, आडवे झाले की जाता. दोन म्हयने गावभर खोकान दाखयतत, काय जातला?"

"मग माका सांगूक नाय ता?" मधुकर भडकला.

"माका वाटला, तुमका म्हायत आसतला. तुम्ही पोदेराचो वळखलास."

देऊळ हसून हसून लाल झालं. सगळ्यात मोठ्याने दादू हसला आणि हसता हसता त्याने जांघ धरली. ते त्याची बायको शेवंता हिने पाहिलं.

"देवान सोडलो तुका," ती म्हणाली, "मी सोडूचंय नाय. उद्या हॉस्पिटल."

दसऱ्याच्या दिवशी दोघे चुलतभाऊ एकाच वॉर्डात, शेजारच्या खाटांवर, नव्या टाक्यांनिशी पडले होते. तरंग योगेशने उचललं. इतका खटाटोप करून मिळवलेला मान बघायला बाप नव्हता, म्हणून दुपारी मुलाने फोन केला. मधुकरने अभिमानाने तो स्पीकरवर टाकला. दादूला ऐकू जायला नको का!

"पप्पा, नाचवला. पण उचलताना खाली कायतरी कट्ट झाला. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ इली. खोकल्यार मोठी जाता, आडवो पडलंय की जाता."

मधुकरने घाईघाईने स्पीकर बंद केला. दादू उशीवरून मान वर करून टक लावून बघत होता.

मधुकरने फोन तोंडाशी नेला, पाठ फिरवली आणि हळूच म्हणाला, "गॅस आसतलो रे. कोणाक सांगा नको."