सर्जेरावांचं उत्सर्जक जंगल

शेळगावच्या सर्जेरावांनी अर्धा एकर ऊस मोडून तिथं जंगल लावलं, तेव्हा गावानं त्यांना वेड्यात काढलं. उंबर, करंज, बहावा. विकायला एक नाही. पण म्हातारा त्या झाडांपायी पार खुळावला होता. सकाळी राखुंडीनं दात घासायलासुद्धा तिथंच जायचा.

थोरल्या लेकाला, संदेशला, तिथं पुन्हा ऊस हवा होता. जंगलं हवामानाला किती उपकारक ते मोजणाऱ्या सरकारी योजनेचं पथक यायचं होतं; त्या तपासणीत जंगल पास झालं तर ठेवायचं, नाही तर तोडायचं, असं त्यानं बापाकडून कबूल करून घेतलं.

तपासणी आठ दिवसांवर आली. सर्जेरावांनी बघितलं, तर बांधापलीकडचा त्यांचाच ऊस हिरवागार आणि झाडं जरा फिकी. पाहुणे येणार आणि रान पिवळं? उसवाल्याच्या जातीला बट्टाच की हो. त्यांनी युरियाची दोन पोती विस्कटली, वर पाणी सोडलं. झाडं अशी तरारली की छबूबाईंनी, त्यांच्या कारभारणीनं, दृष्ट काढली.

पथक आलं. पाल्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पथकाच्या प्रमुख वृषाली मॅडमनी मातीवर डबे पालथे घातले, निघणारा वायू मोजला आणि गंभीर झाल्या. युरिया जास्त झाला की मातीतले जिवाणू त्याचा वायू करतात, तो हवा तापवण्यात फार जहाल, असं त्यांनी समजावलं. सबब, प्रस्तुत जंगल उत्सर्जक असून हवामानास घातक आहे.

सर्जेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, त्या उसाला तर वर्षभर पोत्यावर पोती घालतोय. तितंबी डबं मांडा की."

"आबा, ऊस म्हणजे जंगल नव्हे. आमची योजना जंगलांपुरती आहे."

"मग हितं ऊस लावला तर?" संदेशनं विचारलं.

मॅडमनी नियमावली चाळली. "मग इथलं उत्सर्जन शून्य धरता येईल."

झाडं हवामान रक्षणार्थ तोडण्यात आली. आधी फीत कापली, मग उंबर. सर्जेराव बांधावर बसून पोरासारखे रडले. अहवालात 'लाभार्थी भारावले' अशी नोंद झाली.

तुम्ही हळहळताय, ते बरोबरच आहे. पण हातातला चहा निवू देऊ नका. त्या अर्ध्या एकराचा ऊस यंदा गाळून झाला, साखर बाजारात आली. आणि तुमचा कपही मोजणीच्या कक्षेत येत नाही. घ्या, अजून एक चमचा टाका.