चकचकीत जहाज

नाण्यांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये, असं मी छातीठोकपणे सांगत असे. महिनाभर लायब्ररीत बसून देशाच्या चलनाचा सगळा इतिहास मी कोळून प्यायलो होतो. कारण सासरे! नाणी जमवणारे सासरे ज्याला लाभलेत, त्यालाच हे दुःख कळेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्यांनी मला अल्बमला बोट लावू दिलं नव्हतं.

त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं तांब्याचं, जहाजाचं. एके काळी तांबं इतकं महागलं, की नाण्यापेक्षा त्यातला धातूच जास्त किमतीचा ठरला. सरकारनं ती नाणी परत मागवून वितळवली. सासऱ्यांच्या वडिलांनी त्यातलं एक गुपचूप खिशात ठेवलं, तेच हे. दुसऱ्या दिवशी नाण्यांचं प्रदर्शन होतं, त्यात ते मधोमध मांडायचं होतं आणि माहितीची पाटी लिहायचं काम चक्क माझ्याकडे आलं होतं.

"जावईबापू, जपून हं," असं म्हणून नाण्याची डबी तशीच बंद माझ्या हाती देऊन सासरे सगळ्यांना घेऊन खरेदीला गेले.

मी डबी उघडून नाणं पाहिलं. काळंकुट्ट. जहाज आहे की चप्पल, कळेना. एवढं थोर नाणं लोकांपुढे असं ठेवायचं? मी बाह्या सरसावल्या, टूथपेस्ट घेतली, हाताला लागला तो ब्रश घेतला आणि घासघास घासलं. जहाज असं उजळलं की शिडाच्या दोऱ्यासुद्धा दिसू लागल्या. आता सासरे मला मिठीच मारणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सासऱ्यांनी परत येऊन डबी उघडली.

"हे माझं नाणं नाही."

"अहो, नाही म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या.

"नक्कल आहे. जुनं तांबं असं चमकतं होय? कुणीतरी खरं काढून हे ठेवलंय. काल मी चहा टाकायला आत गेलो, तेव्हा भिंग्या इथे एकटाच होता."

भिंग्या म्हणजे आमचे भिंगकाका, सासऱ्यांचे शाळेपासूनचे मित्र. खिशात कायम भिंग, म्हणून हे नाव. मी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर सासऱ्यांनी फोन लावलाही होता.

"भिंग्या, माझं जहाज परत दे. मी काही विचारणार नाही."

काका घरातल्या चपलांवरच धावत आले. "अख्खा जन्म तुझ्याबरोबर नाणी वेचली रे मी. आणि आज मी चोर?" सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आणि मी काय केलं? मी पंख्याकडे बघत बसलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात न्हाणीघरातून बायकोचा आवाज आला, "माझा ब्रश कुणी काळा केलाय?"

"मी," मी म्हणालो. "नाणं घासलं. टूथपेस्टनं."

काकांनी भिंग काढलं, नाणं उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"तुझंच आहे. काठावरची ही खाच बघ. किंमत होती त्या काळ्या थराची, तो मात्र गेला." मग ते सासऱ्यांना टेकून बसले. "होईल रे पुन्हा काळं. शंभरेक वर्षांत."

"तू चोर असतास तर बरं झालं असतं, भिंग्या," सासरे म्हणाले. "नाणं तरी शाबूत राहिलं असतं."

"मी जिवापाड जपलं असतं," काका म्हणाले आणि दोघं हातात हात घेऊन माझ्याकडे बघत राहिले.

प्रदर्शनात नाणं मधोमधच होतं. पाटी मात्र काकांनी लिहिली होती: 'जुनं नाणं घासल्यास काय होतं, याचा नमुना. सौजन्य: जावई.'

वाचणारा मान वर करून इकडेतिकडे बघायचा. सासरे माझ्याकडे बोट दाखवायचे.