खुर्ची आली आणि मांडी गेली, त्याची हकिकत

श्रीगजाननास नमन, वाचणाऱ्याच्या धीरास नमन, आणि लिहिणाऱ्याच्या कंबरेस विशेष नमन. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरी, नाव न घेण्याजोग्या एका राज्यात थोरल्या महाराजांचे गुडघे धरले, आणि मग गुणाजी म्हणून कोणी रचनाकार बंदरावरून आला, त्याने पाठीची, हातांची, चार पायांची खुर्ची करून हुजूर नजर केली. महाराजांनी पुसिले, "हिने राज्यात काय बदलेल?" गुणाजी अर्ज करिता जाहला, "काही नाही, महाराज. बूड तेवढे वर येईल." महाराज बसले, संतोष पावले, आणि मग महाराज वर आणि ताट खाली ऐसे जाहले, म्हणून मेज आले, आणि मेज आले म्हणून वाढप्यांनी वाकणे सोडिले, आणि वाढपी वाकत नाहीत तर आम्हीच का, म्हणून आचाऱ्यांनी चुली ओट्यावर चढविल्या, आणि मग समया ठेंगण्या पडल्या, खिडक्या ठेंगण्या पडल्या, त्या फोडून वर नेल्या, आणि सरदारांच्या घरोघर खुर्च्या जाहल्या. ऐसे होता होता राजपुत्र भवानराव उपजले, ते पाळण्यातून उतरले आणि थेट खुर्चीवर चढले. मांडी घालणे म्हणून काही असते, हे त्यांनी केवळ ऐकून जाणिले.

मग थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि गादीवर बसण्याचा प्रसंग आला. त्या राज्याची चाल ऐसी की, नव्या धन्याने भुईवरल्या गादीवर मांडी घालावी आणि सर्वांचे मुजरे होईतो मोडू नये. मोडली तर गादी भाऊबंदाकडे जावी. भाऊबंद म्हणजे चुलतभाऊ मानाजीराव. हे डोंगरातल्या गडावर राहत, तेथवर खुर्ची चढली नव्हती. ते आगाऊच येऊन, पाहुणचार घेत, ओसरीवर ऐसपैस मांडी घालून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यास दर्शन देऊ लागले. इकडे आत्यासाहेब राजपुत्राच्या गुडघ्यांस तेल चोळोन बोलिल्या, "तुझे बाबा मांडी घालून आख्खे कीर्तन ऐकत." राजपुत्र बोलिले, "ऐकत नसत, आत्यासाहेब, झोपत." "झोपत, पण मांडी घालून झोपत. वाक आता." "मी वाकतो हो. गुडघा ऐकत नाही." "मग राज्य मानाजीस दे, आणि जा त्याच्या गडावर भाकऱ्या मोजीत बस. बस तरी कसा म्हणू, तेथे खुर्ची नाही." ऐसे बोलोन आत्यासाहेब थकल्या, आणि म्हणाल्या, "ज्याने हे करून ठेविले त्यालाच बोलवा." मग गुणाजी आला, त्याने गादीखाली खड्डा खणून पाय सोडावयाची सोय केली, आणि वर शेवरीच्या कापसाची मांडी शिवून तीवर जरीचा शेला पसरिला.

सोहळा जाहला. राजपुत्र ऐसे डौलात बसले की जुन्या मंडळींस थोरल्या महाराजांची आठवण होऊन डोळ्यांस पाणी आले. मुजरे होत गेले आणि शेवटला मानाजीरावांचा आला. रीत ऐसी की भाऊबंदाने धन्याच्या मांडीवर हात ठेवून "कबूल" म्हणावे. ही रीत गुणाजीस कोणी सांगितली नव्हती. मानाजीरावांनी हात ठेविला तो मनगटापर्यंत आत गेला. सभा दूर होती, तीस दिसले नाही. आत्यासाहेबांनी डोळे मिटिले. मानाजीराव हळू बोलिले, "मऊ आहे." राजपुत्र बोलिले, "होय." "शेवरी काय?" "शेवरीच." "आणि पाय?" "खाली सोडले आहेत." मानाजीरावांनी खड्ड्याचा अंदाज घेतला, मग आणखी हळू बोलिले, "भवानराव, आम्ही बसतो खरे. पण उठवायला दोन माणसे लागतात, आणि ती हल्ली कुरकुरतात. हा गुणाजी आमच्या गडावर धाडाल?" राजपुत्र बोलिले, "आजच धाडतो." मग मानाजीरावांनी हात बाहेर काढिला, त्यास लागलेला कापूस आपल्या शेल्यास पुसिला, आणि सभेकडे फिरोन मोठ्याने बोलिले, "कबूल. मांडी कशी, पोलाद आहे."

येणेप्रमाणे राज्य राहिले, आणि गडावरही खुर्च्या जाहल्या. आता त्या मुलखात भुईवर फिर्यादी तेवढे बसतात. त्यांस वर पाहून बोलावे लागते, मान अवघडते, म्हणून ते थोडक्यात आटोपून निघून जातात. दरबारी म्हणतात, तक्रारी कमी जाहल्या. इतकेच वर्तमान, पुढे लिहिण्याचा हुरूप नाही.