जिना माशांचा, शिडी माणसांची

जिन्यात मासे राहायला आल्यापासून त्या घरातली माणसं बाहेरून शिडी लावून, खिडकीतून वरच्या मजल्यावर जात होती. बाबा इंजिनिअर. नदीच्या बंधाऱ्यावर डोकं आपटणाऱ्या माशांना वर चढता यावं म्हणून त्यांनी एक वाट आखली होती. ऑफिसात जागा नाही, म्हणून तिचा नमुना घरच्या जिन्यात: पायरीगणिक एक खोका, खोक्याला खाच, वरून पंपाचं पाणी आणि तळाशी टबात खरेखुरे मासे. आज मोठे साहेब बघायला येणार होते. पसंत पडलं तर बंधाऱ्यावर खरा जिना, नाहीतर बाबांची सगळी मेहनत पाण्यात.

आणि मासे टबातून हलायला तयार नव्हते!

"दमतात गं बिचारे," असं लेकीला म्हणत बाबांनी पाण्याचा जोर कमी केला. मासे आणखीच निवांत झाले.

"उपाशीपोटी कोण जिने चढेल?" म्हणत आत्याने त्यांना खाऊ घातलं. मग आईनेही घातलं. आत्याने घातलंय हे तिला कुठे ठाऊक? आता मासे चक्क वामकुक्षीला लागले.

साहेब आले. "आधी वरून बघतो," म्हणत शिडीने चढले. तेवढ्यात माळ्यावरची बरणी काढायला आत्या शिडी उचलून घरात घेऊन गेली.

"अहो, मी उतरू कसा?" खिडकीतून साहेब.

"जिन्यानेच या, साहेब! पाणी बंद करतो. बेटा, कॉक फिरव!"

लेकीने फिरवला. जोरात. आणि उलटा.

धबाबा पाणी सुटलं. साहेब मधल्या पायरीवर, पँट गुडघ्यापर्यंत चिंब. बाबांनी डोळेच मिटून घेतले.

"थांबा! बंद करू नका!" साहेब ओरडले. "एक वर येतोय!"

टबातला सगळ्यात जाडा मासा सपकन खाच ओलांडून पहिल्या खोक्यात! त्याच्यामागे दुसरा, तिसरा. साहेब भिंतीला चिकटून, पोट आत घेऊन त्यांना वाट देत होते.

"अहो, धारच लागली नाही तर वाट कुठे आहे हे त्यांना कळणार कसं?" साहेब हसत म्हणाले. "फार लाड केलेत तुम्ही!"

"म्हणजे... पसंत?"

"एकदम! महिनाभर असंच चालू ठेवा इथे."

आत्याने बरणी खाली ठेवली. "आणि आम्ही महिनाभर शिडीनेच चढायचं?"

बाबांनी तिच्या गुडघ्यांकडे नीट पाहिलं आणि खिशातून पेन्सिल काढली. "ताई, तुला पायरी केवढी उंच झेपेल?"

"केवढीही कर," आत्या म्हणाली. "फक्त वरून पाणी सोडू नकोस!"