म्हात्रेंच्या पडवीत नो सिग्नल

"काका, तुम्ही अख्खा कॉम्प्युटरच इथे घेऊन या. आम्ही बसवून देतो," असं नौपाड्यातल्या दुकानदारानं चांगल्या मनानं सांगितलं आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. कारण 'आम्ही करून देतो' हे वाक्य कोणी उच्चारलं की नाथा म्हात्रे यांची मान ताठ होत असे.

"बसवून देतो?" नाथांनी काउंटरवर हात टेकले. "शीळफाट्यापास्नं कल्यानपर्यंत जेवढ्या ग्रिली दिसतील ना, त्यातल्या निम्म्या मी बसवल्यात. आन हा एवढासा डबा मना बसवता येनार नाय?"

"तसं नाही काका. कॅबिनेट केवढं आहे तुमचं? ग्राफिक कार्ड लांबीला जरा मोठं आहे."

नाथांनी दोन्ही हात फाकवून माप दाखवलं. पकडलेला मासा दाखवताना माणूस जसे फाकवतो, तसे. दुकानदारानं मान डोलावली आणि सामान पिशवीत भरलं: नवी रॅम, नवा पॉवर सप्लाय आणि विटेएवढं जड ग्राफिक कार्ड.

शेजारी त्यांची मुलगी करिश्मा उभी होती. ठाण्यात थ्रीडी डिझाइनचा कोर्स करून तिनं घरीच काम सुरू केलं होतं. आता एका बिल्डरच्या ऑफिसमधून तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. टॉवर अजून बांधून व्हायचा होता, पण त्यातल्या फ्लॅटमधून माणूस चालत फिरतोय असं वाटेल अशी फिल्म करून द्यायची होती, आणि ती सोमवारी सकाळी पोचायला हवी होती. तिचा कॉम्प्युटर मात्र दहावीच्या वेळचा. हॉलपर्यंत तो कसाबसा यायचा. बाथरूमच्या टाइल्स दिसल्या की मान टाकायचा.

"पप्पा, दुकानातच करून घेतलं असतं तर?" रिक्षात बसल्यावर तिनं हळूच विचारलं.

"म्हात्र्यांच्या घरात बाहेरचा मेकॅनिक कधी आला?" नाथा म्हणाले. "पंपाची जळलेली मोटर मी भरली, मिक्सर मी दुरुस्त केला, तुझ्या आजीचा चष्मा मी वेल्डिंग केला."

चष्म्याचं खरं होतं. आजीला त्यानंतर दिसायचं थोडं तिरकं, पण चष्मा तिच्या शेवटापर्यंत टिकला.

रविवारी सकाळी पडवीत टेबल मांडलं गेलं. करिश्मानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. अंगातली वीज कॉम्प्युटरला लागू नये म्हणून काळजी घ्या, असं त्यातला मुलगा हिंदीत सांगत होता. नाथांनी हे फार मनावर घेतलं. त्यांनी रबरी चपला घातल्या, चपलांखाली देवघरातला लाकडी पाट घेतला आणि हातातली तांब्याची अंगठी काढून बायकोकडे दिली.

"अवो, पूजेला बसलाव का शॉक खायाला?" तुळसाबाईंनी विचारलं.

"तू मधी बोलू नको. बारीक काम हाय."

पॉवर सप्लाय बसला. रॅमही 'टक' करून बसली. मग कार्ड हातात घेऊन नाथा कॅबिनेटवर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. कार्ड आत जाईना. पुढच्या बाजूला हार्ड डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा होता, तो चार बोटं आड येत होता.

कुंपणावरून शेजारचे धोंडीबा बघत होते. वय झालेलं, शेत विकलेलं आणि दिवसभर करायला काही नाही; त्यामुळे म्हात्रेंच्या पडवीत काय चाललंय यावर त्यांचं बारीक लक्ष असे. "परत कर," ते म्हणाले. "लहान आन."

"लहान कशाला आनू? घर मोठं करतो ना!" असं म्हणून नाथा घरामागच्या वर्कशॉपमधून ग्राइंडर घेऊन आले.

"पप्पा! थांबा!" करिश्मा ओरडली. तिनं आधी कॅबिनेटमधली एकूण एक वस्तू बाहेर काढून चादरीवर मांडली, बाळाला झोपवावं तशी, आणि मगच बाजूला झाली. ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या अंगणापर्यंत उडाल्या. आवाज ऐकून गल्लीतली माणसं जमली. काय चाललंय हे कोणालाच कळलं नाही, पण नाथा काही कापतायत म्हणजे बघण्यासारखं असणार, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पिंजरा कापून निघाला. नाथांनी कडा कानशीनं घासून इतक्या गुळगुळीत केल्या की कंपनीलाही जमल्या नसत्या. कार्ड आत बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाथांनी बटण दाबलं. पंखे फिरले, आत निळा दिवा लागला. मॉनिटर मात्र काळाच. त्यावर दोनच शब्द उमटले: नो सिग्नल.

रॅम काढून खोडरबरानं घासली. पुन्हा घातली. नो सिग्नल. कार्ड काढून फुंकर मारून बसवलं. नो सिग्नल. दोन्ही टोकांना वायर घट्ट दाबली. तरी तेच.

"मॉनिटर गेला," नाथांनी शेवटी निकाल दिला. "डबा ठीक हाय. पंखा फिरतोय म्हनजे जीव हाय."

मॉनिटर गेल्याची खात्री करायला त्यांनी हॉलमधला टीव्ही उतरवून पडवीत आणला. त्यावरही नो सिग्नल. "हा आपला टीव्ही जुना हाय," ते म्हणाले आणि पलीकडच्या भावेशकडून त्याचा टीव्ही मागवला. भावेशचा टीव्ही नवा होता, तरी तेच दोन शब्द, फक्त जास्त सुंदर अक्षरांत. मग धोंडीबांनाही राहवलं नाही. त्यांच्या मुलानं लग्नात घेतलेला टीव्ही घरातला सगळ्यात मोठा होता आणि तो दाखवायची अशी संधी पुन्हा आली नसती. दोघांनी धरून तो आणला.

आता नाथांच्या पडवीत एक मॉनिटर आणि तीन टीव्ही ओळीनं उभे होते. गावात याचा एकच अर्थ निघाला. त्या दिवशी भारताची मॅच होती.

"नाथाशेठनं मॅचची सोय केलीय," ही बातमी देवळापर्यंत गेली. दुपार कलायच्या आत माणसं आपापल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन यायला लागली. पुढे मुलं, मागे म्हातारे, बायका ओट्यावर. भावेश वेफर्सची पाकिटं घेऊन आला. तुळसाबाईंनी मोठं पातेलं चढवलं आणि चहात साखर घालता घालता नवऱ्याकडे अशा नजरेनं बघितलं की नाथांनी स्क्रूड्रायव्हर उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

"काका, कधी चालू होनार?" मागून कोणीतरी विचारलं.

"सेटिंग चालू हाय!"

करिश्मा पायरीवर बसली होती. ती घड्याळाकडे बघत नव्हती, पण बघत नाहीये हे नाथांना दिसत होतं. मॅचचं ठीक होतं, माणसं शिव्या देऊन घरी गेली असती. पण पोरीचं पहिलं काम होतं. ते हातचं गेलं तर तिनं कोणाला काय सांगायचं? पप्पांनी ग्राइंडर चालवला म्हणून?

"हात धुऊन येतो," असं म्हणून ते घरामागे गेले. कोंबड्यांच्या खुराड्याआड उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मेकॅनिकला फोन लावला.

"मी बोलतोय," ते कुजबुजले. "काल ग्राफिक कार्ड नेलेला."

"बोला काका. जरा मोठ्यानं बोला. मागे कोंबडा ओरडतोय का?"

"टीव्हीवर हाय कोंबडा. ऐका, एका मानसाचा प्रॉब्लेम झालाय. माझा नाय. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पन डिस्प्ले नाय."

"त्या माणसानं मॉनिटरची वायर कुठे लावलीय?"

"कुठं म्हनजे? पयल्यापास्नं जिथं हाय तिथंच."

दुकानदार सभ्य माणूस होता. हसला असेल तर फोनवर हात ठेवून. "काका, नवीन कार्ड टाकलं की वायर कार्डाला लावायची. मागच्या बाजूला, खाली, आडवं भोक आहे बघा."

नाथांनी डोळे मिटले. सकाळपासून चार पडदे बदलले होते. भोक कोणी बदललं नव्हतं.

"ते मना ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुमच्या दुकानात ठाऊक हाय का, ते बघत होतो." आणि फोन ठेवला.

ते पडवीत परतले ते गंभीर चेहऱ्यानं. "धोंडीबा, बॅटरी धरा." धोंडीबांनी बॅटरी धरली. नाथांनी झाकण उघडलं, एक स्क्रू काढला, तोच परत लावला, आतल्या दोन वायरींना बोटानं हलकेच स्पर्श केला आणि "हं" असं म्हणून कॅबिनेटच्या मागे हात घातला. हात मागे काय करतोय हे कोणाला दिसलं नाही. मग बटण दाबलं.

धोंडीबांचा टीव्ही लखकन उजळला. पडवीत असा आरडाओरडा झाला की खुराड्यातला कोंबडा गप्प बसला.

करिश्मा धावत येऊन टेबलाशी बसली. माउस हातात घेताना ती खाली मान घालून पुटपुटली, "पप्पा, वायर ना?"

नाथा गडबडले. "तुना कसा कळला?"

"तुम्ही मागे गेलात तेव्हा बघितलं मी. कार्डाची भोकं रिकामी होती."

"मंग लावली का नाय?"

"म्हटलं, तुम्ही येताय ना. तुम्हीच लावा."

नाथांनी खिशातून रुमाल काढून आधीच स्वच्छ असलेलं कॅबिनेट पुसलं.

"मॅच लाव, मॅच!" पोरं ओरडत होती. पण करिश्माला आधी आपलं काम उघडून बघायचं होतं. तिनं फाइल उघडली, आणि जो फ्लॅट कालपर्यंत बाथरूमपाशी अडकत होता तो आता लोण्यासारखा सरकायला लागला. दार उघडलं, हॉल आला, किचन आलं. माणसं मॅच विसरली.

"किचन एवढाच? मासं कुठं साफ करायचं?" एका मावशींनी विचारलं.

"देव दक्षिणेला तोंड करून बसवलाय गो!" दुसरीनं चूक काढली.

करिश्मा बाल्कनीत गेली. खाली गाव दिसत होतं, गावदेवीचं देऊळ, पलीकडे खाडीची रेघ. धोंडीबा खुर्चीतून उठून टीव्हीजवळ आले. "पोरी, हा देऊळ इकडनं असा... हा तं माझं शेत!"

"हो आजोबा. टॉवर तिथंच होतोय. तुम्ही आता बाराव्या मजल्यावर उभे आहात."

धोंडीबांनी पडद्यातल्या खाडीकडे बराच वेळ बघितलं. "बारा माळं चढलो," ते म्हणाले, "पन धाप नाय लागली." मग वळून सगळ्यांना सांगितलं, "नाथाच्या पोरीनं बनवलंय हा. सगळा तिनंच."

नाथांनी कॅबिनेटवरचा हात काढून घेतला. सकाळपासून ज्या कौतुकाची ते वाट बघत होते ते पोरीच्या वाट्याला गेलं होतं, आणि त्यांची छाती मात्र कधी नव्हे एवढी फुगली होती. "तिनंच," ते म्हणाले. "मी फक्त वायर लावली." त्या दिवसातलं हे त्यांचं सगळ्यात खरं वाक्य होतं; लोकांना तो विनय वाटला.

"एवढी मोठी बाल्कनी आन दोरी नाय?" तुळसाबाई चहाचे कप फिरवत म्हणाल्या. "बोंबील कुठं सुकवायचं?"

सगळे हसले. करिश्मालाही गंमत वाटली. तिनं बाल्कनीत एक दोरी बांधली आणि तिच्यावर ओळीनं बोंबील लटकवले. अगदी तोंडात तोंड अडकवून, शास्त्रशुद्ध. टाळ्या पडल्या, मग मॅच लागली. मॅच संपल्यावर उरलेलं काम तिनं पुरं केलं आणि सोमवारी सकाळी फिल्म पाठवून दिली.

मंगळवारी बिल्डरच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. करिश्मानं स्पीकर लावला.

"करिश्मा, त्या बाल्कनीत काय लटकतंय गं?"

करिश्माचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, सॉरी... ते काढायचं राहिलं. बोंबील आहेत."

"काल ऑफिसात मोठ्या पडद्यावर लावलं होतं. लोक तिथंच फिल्म थांबवायला लावत होते. तीन फॅमिलींनी बाल्कनी बघून फ्लॅट बुक केला. आता ते विचारतायत, तिथे खरंच बोंबील सुकवायची परवानगी आहे का? साहेबांना काय सांगू?"

करिश्मानं वडिलांकडे बघितलं. नाथा म्हात्रे जरा पुढे झाले, घसा साफ केला आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाले,

"सुकवा म्हनावं बिनधास्त. फक्त बाराव्या माळ्यावर पन कावळं येतात, तेवढी राखन ठेवा."