रणोजीरावांची तलवार आणि एक कोहळा

फॅन्सी ड्रेसला मी माळी होऊन जायचं, असं आमच्या सुमित्राबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "वेगळं काही करायला नको. घरातलीच लुंगी, डोक्याला टॉवेल आणि हातात झारी. बस्स!" (माझ्या व्यक्तिमत्त्वाबद्दल त्यांचं हे मत लग्नापासून कायम आहे.)

कार्यक्रम त्यांच्या महिला समाजाचा. सोसले गावाच्या बाजूच्या खेड्यांतून डॉक्टरला घेऊन फिरणारी एक दवाखाना-गाडी घ्यायची होती. त्यासाठी म्हैसुरातल्या जयलक्ष्मीपुरमच्या एका हॉलमध्ये फॅन्सी ड्रेस, जेवण आणि देणगीची पेटी. सुमित्राबाई वर्षभर या गाडीपायी दारोदार हिंडल्या होत्या. तिकडच्या एका खेड्यात त्यांच्या मावसबहिणीचं मूल डॉक्टर वेळेवर न मिळाल्याने गेलं. ते त्या कुणाला सांगत नाहीत, गाडी मात्र हवीच म्हणतात.

गाडीला माझी ना नव्हती. पण माळी? मी, येसाजीराव, आज बँकेत हेडक्लार्क असलो तरी रणोजीरावांच्या वंशातला! रणोजीराव म्हैसूरच्या घोडदळात होते. (हुद्दा नक्की माहीत नाही. आम्ही घरात सरदार म्हणतो.) त्यांची तलवार अजून आमच्या देवघरात आहे. आयुधपूजेला ती म्यानातून निघते, मी एका घावात कोहळ्याची दोन भकलं करतो आणि मगच ती परत म्यानात जाते. घराण्याचा नियमच आहे तो. उपसलेली तलवार कोहळा कापल्याशिवाय म्यानात घालायची नाही, की हातातून खाली ठेवायची नाही. आमच्या भुजंगकाकांनी एकदा ती उपसून तशीच परत घातली आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाय मोडून घेतला. (तिथे साबण पडला होता, असं काकू म्हणायच्या. पण काकू बोलूनचालून दुसऱ्या घराण्यातल्या.)

माझा तो एक घाव आमच्या भाऊबंदांत प्रसिद्ध आहे. सुमित्राबाई कोहळ्याला हळद लावतात, मधोमध कुंकवाचा जाड पट्टा ओढतात आणि तो पाटावर आणून ठेवतात. माझा हात पडला की खलास! मनगट लागतं त्याला.

तेव्हा मी झारी ठेवली आणि तलवार घेतली.

"नेताय तर न्या," सुमित्राबाई म्हणाल्या, "पण उपसू नका हं."

"अगं, मी काय लहान आहे?"

हॉलमध्ये माझे मेहुणे फत्तेसिंगराव डॉक्टर होऊन आले होते. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. एवढ्याशा भांडवलावर त्यांना केवढ्या टाळ्या! मग मी स्टेजवर गेलो. अंगरखा, शेला, फेटा, कमरेला तलवार. सूत्रसंचालन करणाऱ्या वनजा मॅडमनी माइकमध्ये विचारलं, "अहो, ही तलवार पुठ्ठ्याची का?"

हॉल हसला. फत्तेसिंगराव जरा जास्तच हसले.

मी तलवार उपसली.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मी डोळे मिटून त्या ऐकल्या. उघडले तेव्हा पहिल्या रांगेत सुमित्राबाई कपाळाला हात लावून बसलेल्या दिसल्या.

"अय्यो, उपसलीतच ना?" मी खाली उतरताच त्या पुटपुटल्या. "आता म्यानात घालू नका. बेड म्हणजे बेड! नको!" (चिडल्या की त्यांचं 'नको' आधी कानडीत येतं.)

पुढची सगळी संध्याकाळ मी नंगी तलवार धरून हॉलमध्ये उभा. मी डावीकडे वळलो की माणसं उजवीकडे पळत. नमस्कार करावा तर पातं पुढच्याच्या नाकाशी जायचं. एका कोपऱ्यात डॉक्टर चिदंबर सगळ्यांचं ब्लडप्रेशर फुकट तपासत होते. वेळ जावा म्हणून मी तिथे जाऊन बसलो.

"आधी ती आत ठेवा," डॉक्टर म्हणाले.

"आत ठेवता येत नाही."

"मग बाजूला ठेवा."

"हातातून सोडताही येत नाही."

"असं किती दिवसांपासून होतंय?" त्यांनी काळजीने विचारलं.

मी उठलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. जरा वेळाने लक्षात आलं, देणगीची पेटी नेमकी माझ्या शेजारी होती. तिच्याजवळ यायची कुणाची छाती होत नव्हती. पाहुणे दुरूनच हात जोडत दाराकडे सरकू लागले होते.

"माझी गाडी गेली की हो," सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. रणोजीरावांच्या वंशात जन्मल्याची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

तेवढ्यात समोरून जेवणाचं पान गेलं. पानात मज्जिगे हुळी, म्हणजे ताकातली कोहळ्याची आमटी! मी स्वयंपाकघराकडे धावलो. (आचारी मागच्या दाराने पळाला. तो नंतर सापडला.) कोपऱ्यात एक अख्खा कोहळा उरला होता.

वनजा मॅडम हुशार. त्यांनी लगेच माइक धरला. "सरदार घराण्याचा पिढीजात विधी आपल्यासमोर! पाहणाऱ्यांनी आधी पेटीत देणगी टाकावी!" दाराशी गेलेले पाहुणे परत आले. पेटीभोवती झुंबड उडाली. टेबलावर कोहळा ठेवला. मी रणोजीरावांचं स्मरण केलं आणि घाव घातला.

ठण्ण!

तलवार उसळून परत आली. कोहळा होता तसाच. दुसरा घाव घातला, तर तो टेबलावरून घरंगळत थेट फत्तेसिंगरावांच्या पायाशी गेला. त्यांनी वाकून त्याला स्टेथोस्कोप लावला. "भावजी, पेशंट ठणठणीत आहे!"

हॉल हसून लोटपोट झाला. मी घामाघूम. तेव्हा सुमित्राबाई पुढे झाल्या, त्यांनी कोहळा कडेवर घेतला. "थांबा की जरा. हळद-कुंकवाशिवाय कधी विधी होतो का?" असं म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा कोहळ्याच्या पोटावर कुंकवाचा जाड पट्टा होता. "हं, आता पट्ट्यावर मारा."

मी मारला. दोन भकलं! आणि टाळ्यांनी हॉल दणाणून गेला. स्वतः फत्तेसिंगरावांनी पेटीत नोट टाकली. तलवार दिमाखात म्यानात गेली. पेटी उघडली तेव्हा गाडीची सोय झाली होती, वर औषधांचीही. वनजा मॅडमनी माइकवर सुमित्राबाईंचं नाव घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला की माझी छाती अंगरख्यात मावेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना मी मनगट चोळत म्हणालो, "बघितलंस? कुंकू लागताच रणोजीरावांचं रक्त कसं जागं झालं!"

सुमित्राबाईंनी कप खाली ठेवला.

"अहो, त्या तलवारीने लोणीसुद्धा कापलं जात नाही. मी दरवर्षी कोहळा विळीवर पाऊण चिरते आणि भेगेवर कुंकू थापते. सासूबाईंनी शिकवलं मला. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. थेट रणोजीरावांच्या बायकोपासून चालत आलंय म्हणे."

मी मनगट चोळायचं थांबवलं.

"पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका की," त्या माझ्या कपात आणखी कॉफी ओतत प्रेमाने म्हणाल्या. "कालचे पहिले दोन घाव अगदी तुमचे होते."